एकाच काउंटीचे दोन मध्यक: एसीएस आणि एसएआयपीई

अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या ग्रामीण काउंटीचं (राज्याखालचा, साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) घरगुती उत्पन्न शोधायला गेलं की दोन आकडे सापडतात. दोन्ही सेन्सस ब्युरोचे, म्हणजे जनगणना करणाऱ्या सरकारी संस्थेचे, दोन्हींवर २०२२ लिहिलेलं, दोन्ही २०२२ च्या डॉलरमध्ये, आणि तरी त्यांत काही हजारांचा फरक. एक अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेचा (एसीएस), दुसरा स्मॉल एरिया इन्कम अँड पॉव्हर्टी एस्टिमेट्सचा (एसएआयपीई). चूक कोणाचीच नसते. दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात.

मध्यक म्हणजे सगळी घरं उत्पन्नाच्या क्रमानं लावल्यावर मधोमध येणाऱ्या घराचं उत्पन्न. तो काढायला पुरेशी घरं हाताशी हवीत, आणि ग्रामीण भागात नेमकी तीच नसतात. टेक्सासमधल्या लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत अवघी ६४ माणसं होती. एसीएस वर्षाला देशभरातल्या सुमारे ३५ लाख पत्त्यांपर्यंत पोहोचतो, पण एका लहान काउंटीच्या वाट्याला त्यातले फारच थोडे येतात. म्हणून त्याची एका वर्षाची नेहमीची आकडेवारी ६५,००० किंवा त्याहून जास्त लोकवस्तीच्या भागांचीच निघते. बाकीच्यांसाठी पाच वर्षांचे नमुने एकत्र केले जातात.

‘२०२२’ फसवं ठरतं ते इथे. एसीएसचा तो आकडा २०१८ ते २०२२ या पाचही वर्षांचा असतो. शिवाय सर्वेक्षणात मागच्या बारा महिन्यांचं उत्पन्न विचारतात, त्यामुळे जानेवारी २०१८ मध्ये उत्तर देणारं घर २०१७ ची कमाई सांगतं. ही सगळी उत्पन्नं महागाईनुसार २०२२ च्या डॉलरमध्ये आणली जातात. त्यानं किमतींचा फरक निघतो, पण समजा काउंटीतली एखादी खाण २०१९ मध्ये बंद पडली असेल, तर ती काही निघत नाही. तिचे पगार आकड्यात मिसळलेलेच राहतात.

एसएआयपीईचा आकडा खरोखर एका वर्षाचा असतो. काउंटीचा त्या वर्षाचा एसीएसमधला थेट अंदाज, प्रसिद्ध न होता ब्युरोकडेच राहणारा आणि कितीही डळमळीत असला तरी, घेतात. त्याला प्राप्तिकराच्या विवरणपत्रांसारख्या प्रशासकीय नोंदींवर बेतलेल्या प्रतिमानाच्या (सांख्यिकी मॉडेलच्या) अंदाजाची जोड देतात. नमुना जितका लहान, तितका प्रतिमानाकडे कल जास्त. आकडा त्यामुळे स्थिर होतो. पण काउंटी चाकोरीबाहेरची असेल, समजा अचानक तेल लागलं, तर तिचा आकडा तिच्यासारख्या दिसणाऱ्या काउंट्यांकडे ओढला जाण्याचा धोका असतो.

आमच्या मते अख्ख्या काउंटीचा ठरावीक वर्षाचा आकडा हवा असेल तर एसएआयपीई घ्यावा. मात्र मध्यक उत्पन्न तो देश, राज्य आणि काउंटीपुरतंच देतो. शाळा-जिल्ह्यांसाठी गरिबीचे आकडे मिळतात, मध्यक नाही. गाव किंवा सेन्सस ट्रॅक्टसाठी (जनगणनेसाठी पाडलेला काउंटीचा छोटा भाग) एसीएसशिवाय गत्यंतर नाही. अनुदानाचा अर्ज असेल तर योजनेच्या नियमात जो स्रोत लिहिला असेल तोच घ्यायचा, दुसरा कितीही पटला तरी.

एसीएस वापरताना शेजारचा त्रुटीचा रकाना वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. काल्पनिक उदाहरण: मध्यक ४८,००० डॉलर, त्रुटीमर्यादा ९,०००. ही मर्यादा ९० टक्के विश्वासपातळीची असते, म्हणून तिला १.६४५ नं भागा: प्रमाण त्रुटी सुमारे ५,४७१, म्हणजे मध्यकाच्या ११.४ टक्के. आता शेजारच्या काउंटीचा मध्यक ५४,००० आणि मर्यादा ७,००० असेल, तर दोन्ही मर्यादांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ सुमारे ११,४०० येतं. फरक फक्त ६,००० चा आहे, त्यामुळे ‘शेजारी श्रीमंत’ असं म्हणता येत नाही. दोन कालखंडांची तुलना करायची तर ते एकमेकांवर चढलेले नसावेत: २०१३–१७ आणि २०१८–२२ चालतील, २०१७–२१ आणि २०१८–२२ नाही; त्यांत चार वर्षं सामाईक आहेत.

एसीएसचा कोणता तक्ता घेताय तेही तपासा. बी१९०१३ घरांचा, बी१९११३ कुटुंबांचा. एकटे राहणारे कुटुंबांच्या तक्त्यात येत नाहीत, आणि एकट्या वृद्धांची वस्ती मोठी असेल तर तो आकडा बराच वर जातो.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो दोन-तीन ट्रॅक्ट जोडताना. मध्यकांची सरासरी काढू नका, घरांच्या संख्येनं भारित केलेलीसुद्धा नको. बी१९००१ मधल्या १६ उत्पन्नगटांतली घरं गटागटानं बेरीज करा. समजा एकूण ९०० घरं झाली. मधलं घर ४५० वं. ४०,००० च्या खाली ४१० घरं आणि ४०,००० ते ४४,९९९ या गटात ८०. मग ४०,००० + (४० ÷ ८०) × ५,००० = ४२,५००. गटाच्या आत घरं सारखी पसरली आहेत हे यात गृहीत धरलेलं असतं. मध्यक ५,००० रुंदीच्या गटात पडला तर फारसं बिघडत नाही, पण ७५,००० ते ९९,९९९ सारख्या रुंद गटात पडला तर उत्तर शेकड्यात गोल करूनच द्यावं.