ज्वालारोधक कापड : प्रकार आणि निवड

ज्वालारोधक कापड जळतच नाही, ही समजूत चुकीची आहे. ज्योत लागली की ते काळे पडते, त्याचा कोळसा होतो. पण ज्योत काढली की एक-दोन सेकंदांत ते आपोआप विझते आणि आग अंगभर पसरत नाही. कोल्हापूर परिसरात अशा कापडाची गरज तीन ठिकाणी पडते : शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतींतल्या फाउंड्र्या, साखर कारखान्यांतले वेल्डिंग-गॅस कटिंग आणि नाट्यगृहांचे पडदे. दुकानात या तिन्हींना ‘एफआर (फ्लेम रिटार्डंट, म्हणजे ज्वालारोधक) कापड’ एवढेच म्हणतात. प्रत्यक्षात एकीकडचे कापड दुसरीकडे निरुपयोगी ठरते, कधी घातकही.

हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. एखादे कापड जळत राहण्यासाठी किमान किती टक्के प्राणवायू लागतो, हा त्याचा ‘एलओआय’. सुती कापडाचा १८, पॉलिएस्टरचा २० ते २२, लोकरीचा २५, मेटा-ॲरामिड या कृत्रिम धाग्याचा २८ ते ३०. २१ च्या खालचे कापड साध्या हवेत जळत सुटते. २६-२८ च्या वरचे सहसा विझते. मात्र हा आकडा एकटा धरून खरेदी करू नये. वितळलेले लोखंड अंगावर उडाले तर काय होईल, हे तो सांगत नाही.

प्रक्रिया केलेले सुती कापड. सूत सुमारे ३५० अंशांना फुटते आणि त्यातून ज्वालाग्राही वाफा निघतात. फॉस्फरसयुक्त रसायन ही वाट वळवते : वाफांऐवजी पाणी आणि कोळसा जास्त तयार होतो. टिकाऊ प्रक्रिया मुख्यतः दोन. प्रोबान पद्धतीत रसायन पाजलेले कापड थोडी ओल ठेवून वाळवतात, अमोनिया वायूच्या कक्षातून नेतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने पक्के करून धुतात. धाग्याच्या पोटातच न विरघळणारा पॉलिमर तयार होतो. पायरोव्हॅटेक्स पद्धतीत रसायन सुताशी थेट जोडले जाते. त्यासाठी आम्लाच्या सोबतीने १५० ते १७० अंशांवर काही मिनिटे भाजणी लागते. भाजणी जास्त झाली की कापड कमजोर होऊन फाटते. कमी झाली की पहिल्या काही धुण्यांतच गुण जातो आणि फॉर्मल्डिहाइडचा वास येत राहतो.

इचलकरंजीच्या मागावरचे कोरे कापड या प्रक्रियेला द्यायचे असेल, तर ताण्याची खळ आधी पूर्ण काढावी लागते. खळ उरली की रसायन धाग्यात शिरत नाही, वरच बसते. मग एकाच ताग्यातला एक तुकडा चाचणीत विझतो आणि दुसरा जळतो. पॉलिएस्टर-कॉटनला ही प्रक्रिया नीट लागू होत नाही. जळताना सुताचा कोळसा सांगाड्यासारखा उभा राहतो, वितळलेले पॉलिएस्टर त्यावर दिव्याच्या वातीसारखे चढून जळते. म्हणून हे मिश्रण नुसत्या पॉलिएस्टरपेक्षा वाईट जळते.

उपजत ज्वालारोधक धागे. मेटा-ॲरामिड, म्हणजे बाजारातले नोमेक्स, वितळत नाही. ३७० अंशांच्या पुढे त्याचा कोळसा होऊ लागतो. गुण धाग्यातच असल्याने धुऊन जात नाही. हलके आणि दणकट, म्हणून अग्निशामक दलाच्या कपड्यांच्या बाहेरच्या थराला हेच वापरतात, बहुधा थोडे पॅरा-ॲरामिड (केव्हलरच्या जातीचा धागा) मिसळून. उन्हात ते फिके पडते आणि हळूहळू कमजोर होते. किंमत सुती एफआरच्या कितीतरी पट. मोडॅक्रिलिक हा कृत्रिम धागा सुतात मिसळला तर जळताना निघणारे त्याचे वायू ज्वालेला दाबतात आणि साध्या सुतालाही सांभाळून घेतात. विजेच्या आर्कपासून बचावाच्या कपड्यांत ते चांगले, ओतकामात नको. एफआर व्हिस्कोज मऊ असते, घाम शोषते. एकटे फारसे वापरत नाहीत.

ज्वालारोधक पॉलिएस्टर, उदाहरणार्थ ट्रेव्हिरा सीएस, ही वेगळी जात. आगीपासून ते आक्रसून मागे सरते आणि जळता भाग थेंबासारखा गळून जातो. पडद्याला हे चालते. अंगावर तोच थेंब कातडीला चिकटतो.

ओतकामासाठी. फाउंड्रीत गल्लत सर्वाधिक होते. लॅडलमधून (रस ओतायच्या भांड्यातून) साच्यात ओतताना लोखंड १३५०-१४०० अंशांच्या आसपास असते. तिथे कापड विझते की नाही यापेक्षा रस घसरून खाली जातो की चिकटून बसतो, हा प्रश्न. आयएसओ ११६१२ या मानकात यासाठी स्वतंत्र अक्षरे आहेत : ‘डी’ वितळलेल्या ॲल्युमिनियमसाठी, ‘ई’ लोखंडासाठी. चाचणीत कापडामागे कातडीऐवजी पीव्हीसीचा पातळ पत्रा लावतात, सुमारे १४०० अंशांचे लोखंड तिरक्या कापडावर ओततात आणि पत्र्यावर सुरकुती किंवा भोक पडले का ते पाहतात. ६० ग्रॅमपासून ई-१, १२० पासून ई-२, २०० ग्रॅम आणि वर ई-३. लेबलवर ‘ए’ (ज्वाला न पसरणे) आणि ‘बी’ (ज्वालेची उष्णता अडवणे) असून ‘ई’ नसेल, तर तो कपडा कितीही महाग असला तरी ओताऱ्याचा नाही.

लोखंडासाठी जाड, घट्ट विणीचे प्रक्रिया केलेले सुती कापड किंवा एफआर लोकर चांगली. पातळ ॲरामिडवर रस रेंगाळतो. वितळलेले ॲल्युमिनियम तर त्यावर बऱ्याचदा चिकटूनच बसते आणि उष्णता आत जात राहते. तिथे लोकर किंवा एफआर व्हिस्कोजची मिश्रणे बरी. इंडक्शन भट्टीच्या तोंडाशी धग हाच मुख्य त्रास असतो. तिथे ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला एप्रन किंवा कोट लागतो, जो धगीचा ९० टक्क्यांहून अधिक भाग परतवतो. चकाकी आहे तोवर. काजळी बसली, घडीवर मुलामा तडकला, की तो नुसता जड कोट उरतो. त्याची घडी घालू नये, टांगून ठेवावा.

वेल्डिंगच्या ठिणग्यांसाठी खाली अंथरायला काचतंतूचे कापड सुमारे ५५० अंशांपर्यंत आणि सिलिकाचे १००० अंशांच्या आसपासपर्यंत टिकते. दोन्ही अंगावर घालायची नाहीत. जुन्या शेडमध्ये ॲस्बेस्टॉसची चादर किंवा हातमोजे सापडले तर झटकू नयेत. ओले करून, पिशवीत बंद करून बाजूला काढावेत.

शिलाई. कापड उत्तम आणि दोरा साधा पॉलिएस्टरचा, हा नेहमीचा घोटाळा. दोरा २६० अंशांच्या आत वितळतो आणि कापड शाबूत असताना शिवण उसवते. दोरा ॲरामिडचा हवा. पॅंटची घडी बाहेर दुमडलेली नको, खिशांना झडप हवी, पॅंट बुटाच्या बाहेर हवी. नाहीतर ठिणगी आत अडकते. आत बनियन सुतीच. नायलॉनचा टी-शर्ट एफआर शर्टच्या आतसुद्धा वितळतो.

पडदे. १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभे राहिलेले कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडले. रंगमंचावरचे कापड हा त्यानंतर इथे जिव्हाळ्याचा विषय आहे. सुती मखमलीवरचा जुना, स्वस्त उपाय म्हणजे टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक ॲसिड ७:३ प्रमाणात : १० लिटर गरम पाण्यात ७०० आणि ३०० ग्रॅम. टाकणखार ज्वाला दाबतो, बोरिक ॲसिड मागची धुमसण थांबवते, म्हणून दोन्ही लागतात. वाळल्यावर एक किलो कापडाचे वजन सुमारे १.१ किलो व्हायला हवे. कापड जोरात पिळले तर हे मीठ (टाकणखार-बोरिक) पाण्याबरोबर निघून जाते आणि वजन निम्मेच वाढते. मग पुन्हा बुडवावे लागते. हातमोजे घालावेत, अंथरुणाला आणि लहान मुलांच्या कपड्यांना हा उपाय करू नये. पडदा एकदा धुतला की गुण संपला. अमोनियम फॉस्फेट वापरले तर पावसाळ्यात ते ओल धरते, पडद्यावर पांढरी पावडर फुटते आणि लोखंडी कड्या गंजतात. पडद्यांसाठी भारतीय मानक आयएस १५७४१ आहे, उष्णतेत काम करणाऱ्यांच्या कपड्यांसाठी आयएस १५७४८.

धुणे आणि तपासणी. टिकाऊ प्रक्रियेचे कपडे ५० हून अधिक धुण्या टिकतात, पण ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनच्या ब्लीचने ती प्रक्रिया मरते. बोअरच्या जड पाण्यात साबण वापरला तर चुन्याचा साबणी थर कापडावर बसतो आणि तो थरच पेट घेतो. डिटर्जंट घ्यावे, शेवटी भरपूर पाण्याने खळबळावे. कंडिशनर अजिबात नको.

संशय आला तर आतल्या शिवणीतून १५ सेंटिमीटर लांब पट्टी कापावी, मोकळ्या जागी चिमट्यात उभी धरावी, खाली वाळूची थाळी ठेवावी आणि खालच्या टोकाला १२ सेकंद लायटर लावावा. काढल्यावर ज्वाला दोन सेकंदांत विझली पाहिजे, थेंब गळता कामा नये, कोळसा हाताला सलग लागला पाहिजे. हीच चाचणी पाच धुण्यांनंतर पुन्हा करावी; मीठ मारलेले कापड इथे पकडले जाते. भोक पडलेल्या एप्रनला ठिगळ त्याच कापडाचे आणि त्याच दोऱ्याचे लावावे. तेलाने माखलेला एप्रन धुऊनही तेलकटच लागत असेल, तर तो भट्टीकडून काढून मशिन पुसायला द्यावा.