ऐहिक सत्तेच्या स्वाधीन करणे

पाखंडाचा (ख्रिस्ती असून चर्चच्या शिकवणीविरुद्ध वागण्याचा) दोष ठरलेल्या माणसाला धर्मन्यायालयाने स्वतः न मारता राजाच्या अधिकाऱ्यांकडे सोपवण्याची रोमन कॅथलिक देशांतील पद्धत. गोव्यात ती धर्मसमीक्षण सभेने, म्हणजे इन्क्विझिशनने, १५६० पासून १८१२ पर्यंत चालवली. मध्ये १७७४ ते १७७८ एवढाच खंड पडला. अशा माणसाला पोर्तुगीज कागदपत्रांत ‘रेलाशादु’ म्हणत. शब्दाचा अर्थ ‘सोडलेला’. सोडला जाई तो चितेकडे. धर्मासाठी केलेली हत्या आणि शासनाने दिलेला देहान्त यांचे नैतिक मोजमाप वेगवेगळे मानले जाते. या पद्धतीत मरणारा एकच असे, पण त्याच्या मरणाचे उत्तर देण्याची वेळ आली की धर्मसत्ता राजसत्तेकडे बोट दाखवी आणि राजसत्ता धर्मसत्तेकडे.

कायद्याचा आधार : १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने (रोममध्ये भरलेल्या चर्चच्या सभेने) दोन गोष्टी एकाच वेळी ठरवल्या. धर्मगुरूंनी रक्तपाताची शिक्षा सुनावू नये, आणि दोषी पाखंड्यांना ऐहिक सत्तेच्या हवाली करावे. पाखंड निपटण्यात हयगय करणाऱ्या राज्यकर्त्याला बहिष्काराची धमकी होती. त्यामुळे राजाच्या न्यायाधीशापुढे खटला येई तो निकाल लागलेला असे. त्याने पुरावा तपासायचा नसे, साक्षीदार बोलवायचे नसत. शिक्षा तेवढी सांगायची.

गोव्यात या तर्काची सुरुवात इन्क्विझिशनच्याही आधी झाली. जेरोनिमु दियश या नवख्रिस्ती (यहुदी वंशाच्या) वैद्याला १५४३ मध्ये गोव्यात गळा आवळून मारले आणि मग जाळले. फ्रान्सिस झेवियर या धर्मप्रचारकाने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून इन्क्विझिशनची मागणी केली. ते आले झेवियरच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. कार्यालय जुन्या गोव्यात, आदिलशहाच्या जुन्या वाड्यात. लोक त्याला ‘व्हडलें घर’ म्हणत. नाव मोठेपणाचे, पण ते घेताना आवाज खाली जाई.

खटल्याची रीत : अटकेबरोबर मालमत्तेची यादी होऊन ती अडकवून ठेवली जाई. आरोप काय, आरोप करणारा कोण, साक्षीदार कोण, यांतले काहीच आरोपीला सांगत नसत. आपण काय केले ते त्यानेच आठवून कबूल करायचे. शार्ल देलों या फ्रेंच वैद्याला १६७३ मध्ये दमणला पकडले. त्याने १६८७ मध्ये छापलेल्या वृत्तान्तामुळे आतली पद्धत बाहेर कळली.

यातला खरा दोष कोठडीत किंवा यातनांतही नव्हता, तो कबुलीच्या हिशेबात होता. पहिल्यांदा सापडलेला माणूस गुन्हा कबूल करून पश्चात्ताप दाखवी तर बहुधा वाचे. मालमत्ता जाई, गलबतावर वल्ही मारण्याची किंवा हद्दपारीची शिक्षा होई. शेवटपर्यंत नाकारणारा ‘हट्टी’ ठरून चितेवर जाई. म्हणजे निरपराध माणसाने खरे सांगितले तर मरण आणि खोटे कबूल केले तर जीव. शिवाय खोटी कबुली पटावी म्हणून त्याला सोबतीची नावे सांगावी लागत, आणि त्या नावांवर पुढचे खटले उभे राहत. एकदा माफी मिळवून पुन्हा सापडलेल्याला कबुलीही वाचवत नसे.

आरोपींत आधी नवख्रिस्तींचा भरणा होता, पुढे बाटलेल्या स्थानिकांचा. १७३६ च्या फर्मानाने घराजवळ तुळस लावणे, बिनमिठाचा भात शिजवणे असल्या गोष्टींनाही मनाई केली. स्वयंपाकघरातली सवय हा पाखंडाचा पुरावा झाला की आरोपींची वाण पडत नाही. न बाटलेला हिंदू पाखंडी ठरू शकत नसे, पण धर्मांतरात अडथळा आणल्याबद्दल त्यालाही धरता येई.

स्वाधीन करण्याचा विधी : ज्या दिवशी निकाल जाहीर होत त्याला आउतो-द-फे म्हणत. देलोंचा निकाल लागला तो १२ जानेवारी १६७६, रविवार. पहाटे कॅथीड्रलची मोठी घंटा वाजे. कैद्यांची अनवाणी मिरवणूक निघे. अंगावरच्या झग्यावरून शिक्षा ओळखू येई : जाळायच्या माणसाच्या झग्यावर त्याचेच चित्र आणि ज्वाळा, आणि शिक्षा ठरल्यावर कबूल करून वाचलेल्याच्या झग्यावर ज्वाळा उलट्या, खाली वळलेल्या. चर्चमध्ये एकेकाचा निकाल वाचला जाई. शेवटी स्वाधीन करायच्यांची पाळी येई. इन्क्विझिशनचा अधिकारी त्यांच्या छातीवर हलकेच चापट मारी. आता हा आमचा नव्हे, एवढाच तिचा अर्थ. सोबत राजाच्या न्यायाधीशांना विनंती असे की दया करावी, आणि मरणच द्यायचे तर रक्त सांडू नये. जाळण्यात रक्त सांडत नाही. ही विनंती मनापासूनची असेल तर बहिष्काराची धमकी कशाला, हा प्रश्न त्या काळीही सुचण्याजोगा होता.

१६७६ च्या त्या दिवशी एक पुरुष आणि एक स्त्री जाळली गेली, शिवाय चार मृतांचे पुतळे, त्यांच्या हाडांच्या पेट्यांसकट. चिता नदीकाठी, व्हॉइसरॉयच्या उपस्थितीत. ख्रिस्ती म्हणून मरायला तयार होणाऱ्याचा आधी गळा आवळत. मेलेलेही सुटत नसत : १५६३ मध्ये औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ गोव्यात छापणारा गार्सिया द ओर्ता १५६८ मध्ये वारला, त्याच्या बहिणीला १५६९ मध्ये जिवंत जाळले, आणि १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळली. प्रेताला शिक्षा देऊन गुन्हा थांबत नाही, त्याला धाकही बसत नाही. इथे शासनाच्या देहान्ताची नेहमीची समर्थने लागूच पडत नाहीत.

१७७४ पर्यंत सुमारे १६ हजार माणसांवर खटले झाले. त्यांतले प्रत्यक्ष जाळलेले थोडे. १८१२ मध्ये सभा बंद झाल्यावर बहुतेक दप्तर नष्ट करण्यात आले.

खटल्याशिवायची बाजू : याच गोव्यात उलट उदाहरणही आहे. जुलै १५८३ मध्ये साष्टीतल्या कुंकळ्ळी गावी चर्चसाठी जागा पाहायला आलेल्या पाच जेझुइटांना (एका ख्रिस्ती धर्मप्रचारक संघाच्या माणसांना) गावकऱ्यांनी मारले. आधी या भागातली देवळे पाडली गेली होती. नंतर गावच्या गांवकरांना (गावाचा कारभार पाहणाऱ्या प्रमुखांना) बोलणी करायला असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि खटला न चालवता ठार केले. जेझुइट १८९३ मध्ये धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित झाले; गांवकरांचे स्मारक कुंकळ्ळीत अलीकडे उभे राहिले. पहिली हत्या धर्माच्या नावाने आणि दुसरी राज्याच्या नावाने, पण दुसरीत राज्याजवळ न्यायालय, दप्तर आणि वेळ तिन्ही असून ती वापरली नाहीत. व्हडल्या घरात खटला होता आणि न्याय नव्हता, असोळण्यात खटलाही नव्हता. गावकऱ्यांच्या हातून झाले ते त्यामुळे क्षम्य ठरत नाही, पण राज्याचा देहान्त हा राज्याचा म्हणून आपोआप वरच्या पायरीवर बसत नाही.

आजच्या कायद्याशी तुलना : भारतीय राज्यघटनेच्या कलम २०(३) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, नाकारणे हा हट्ट धरला जात नाही. सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, आणि कायम करताना पुरावा नव्याने तपासावा लागतो. गोव्याच्या ऐहिक न्यायाधीशाला नेमके हेच करता येत नसे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या बचनसिंग निकालापासून फाशी ‘दुर्मीळातल्या दुर्मीळ’ प्रकरणापुरती आहे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) प्रमाणे पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समुदाय, भाषा, व्यक्तिगत श्रद्धा अशा कारणांवरून खून केला तर प्रत्येकाला मृत्युदंड किंवा जन्मठेप होऊ शकते. इथे श्रद्धेवरून मारणाऱ्यालाच मारण्याचा अधिकार राज्याने घेतला आहे.