लॉ फर्ममधील इंटर्नशिप (मुंबई)

कंपन्या, बँका, गुंतवणूकदार, विकासक अशा व्यापारी पक्षकारांचे काम करणाऱ्या वकिलांच्या भागीदारी पेढीत (लॉ फर्म) विधी महाविद्यालयातील विद्यार्थ्याने ठरावीक मुदतीसाठी केलेली उमेदवारी, तसेच ती मिळवण्यासाठी करावयाच्या अर्जाची रूढ पद्धत. सनद मिळाल्यावर वकिलाच्या हाताखाली केलेली ज्युनियरशिप आणि सॉलिसिटरकडील तीन वर्षांची आर्टिकलशिप (लेखी कराराने बांधलेली उमेदवारी) यांपासून इंटर्नशिप वेगळी धरतात. मुंबईत मात्र या तिन्ही गोष्टी एकाच कार्यालयात, कधी एकाच टेबलावर नांदत आल्या आहेत. त्यामुळे इंटर्नशिपचा उगम आर्टिकलशिपपासून स्वतंत्रपणे सांगता येत नाही.

पूर्वपीठिका : मुंबईत १७९८ मध्ये रेकॉर्डरचे न्यायालय आले. १८२३ च्या सनदेने त्याच्या जागी सुप्रीम कोर्ट स्थापन झाले व त्याचे कामकाज १८२४ मध्ये सुरू झाले. १८६२ मध्ये उच्च न्यायालय आले. त्याच्या ओरिजिनल साइडवर (दावे थेट दाखल होतात ती शाखा) इंग्लंडच्या धर्तीची दुहेरी पद्धत होती. पक्षकाराशी व्यवहार, दाव्याची कागदपत्रे व वकीलपत्र ही कामे ॲटर्नीची, तर न्यायाधीशापुढे उभे राहून युक्तिवाद करण्याचे काम ॲडव्होकेटचे. पक्षकार थेट ॲडव्होकेटकडे जाऊ शकत नसे. कोणाला ब्रीफ (खटला चालवण्याचे काम) द्यायचे हे ॲटर्नी, म्हणजे रूढ भाषेत सॉलिसिटर, ठरवी. मुंबईतील लॉ फर्म या संस्थेचे मूळ सॉलिसिटरच्या पेढीत आहे. क्रॉफर्ड बेली (१८३०), लिटल अँड कंपनी (१८५६), वाडिया घांडी (१८८३), मुल्ला अँड मुल्ला (१८९५) ही नावे नेहमी सांगितली जातात. भागीदार बदलत तशी पेढ्यांची नावेही बदलत, म्हणून ही वर्षे आजच्या नावाची न समजता मूळ पेढीची समजणे बरे.

सॉलिसिटर होण्याचा मार्ग लेखी कराराने बांधलेल्या उमेदवारीतून जाई. या करारास ‘आर्टिकल्स ऑफ क्लार्कशिप’ म्हणत. त्याचे मूळ इंग्लंडमधील ॲटर्नीविषयक अधिनियमात असून त्यात पाच वर्षांची सेवा सक्तीची होती. या अधिनियमाचे वर्ष कोठे १७२८ तर कोठे १७२९ दिलेले आढळते. त्या काळी अधिनियमाचे वर्ष संसदेच्या अधिवेशनाच्या आरंभावरून धरत असल्याने हा फरक पडतो. प्रत्यक्ष मंजुरीचे १७२९ हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते. भारतात या कराराचे वजन किती होते, याचा सर्वांत बोलका पुरावा १८९९ च्या मुद्रांक अधिनियमात सापडतो. त्याच्या पहिल्या अनुसूचीत कोणताही धंदा शिकण्यासाठीच्या साध्या उमेदवारी करारावर (अनुच्छेद ९) ५ रुपये शुल्क आहे, तर ॲटर्नी होण्यासाठीच्या आर्टिकल्सवर (अनुच्छेद ११) २५० रुपये. पुढे उच्च न्यायालयाच्या पटावर ॲटर्नी म्हणून नाव घालताना आणखी २५० रुपयांचे मुद्रांक लागत. त्या काळच्या कारकुनी पगाराचा विचार करता, बेताच्या घरातील मुलासाठी हा दरवाजा शुल्काच्या पायरीवरच बंद होई.

शुल्क भरता आले तरी ओळखीचा प्रश्न उरे. पेढीत उमेदवार घ्यायचा की नाही हे मालक सॉलिसिटर ठरवी. पेढ्या प्रथम युरोपियनांच्या व पुढे बहुतांशी पारशी, गुजराती व बोहरा कुटुंबांच्या होत्या. कमरुद्दीन तय्यबजी हे इंग्लंडमध्ये सॉलिसिटर म्हणून दाखल झालेले पहिले भारतीय मानले जातात (१८५८). त्यांचे धाकटे बंधू बद्रुद्दीन १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले, तेव्हा ब्रीफ देणारी पेढी घरातच होती. याच्या नेमकी उलट बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात दिसते. १९२३ मध्ये त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली, पण सॉलिसिटर त्यांच्याकडे ब्रीफ पाठवत नसत, असे चरित्रकार नोंदवतात. स्त्रियांना वकिली व्यवसायाचा मार्ग मोकळा करणारा केंद्रीय कायदाही १९२३ चाच.

१९६१ च्या ॲडव्होकेट्स अधिनियमाने वकिलांचे निरनिराळे वर्ग एकत्र केले, तरी ॲटर्नी हा वर्ग आणखी काही काळ टिकला. १९७६ च्या दुरुस्तीने तो १ जानेवारी १९७७ पासून संपला व सर्व ॲटर्नी ॲडव्होकेट झाले. कायद्याने सॉलिसिटर उरला नाही, मुंबईच्या व्यवहारात मात्र तो राहिला. बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी आजही तीन वर्षांच्या आर्टिकलशिपनंतर सॉलिसिटरची परीक्षा घेते. परीक्षेचा निकाल कडक लागतो अशी ख्याती असून, उत्तीर्ण झालेला वकील ही उपाधी नावापुढे अभिमानाने लावतो.

उगमाविषयीची मते : आजच्या इंटर्नशिपचा उगम तीन प्रकारे सांगितला जातो. पहिल्या मतानुसार ती बाहेरून आली. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यालयात १९८८ मध्ये पाच वर्षांच्या एकात्म अभ्यासक्रमाची पहिली तुकडी बसली. तेथील विद्यार्थी सुट्टीत महानगरांतील कार्यालयांत येऊ लागले आणि १९९१ नंतर परकी भांडवलाचे काम वाढल्याने पेढ्यांनाही मनुष्यबळ हवेच होते. दुसरे मत ती नियमातून आली असे मानते व २००८ च्या विधी शिक्षण नियमांकडे बोट दाखवते. तिसऱ्या मतानुसार ती आर्टिकलशिपचेच आखूड रूप आहे.

दुसरे मत काळाच्या कसोटीवर टिकत नाही, कारण नियम येण्याच्या बऱ्याच आधी प्रथा रुळलेली होती. पहिल्या मतात बरेच तथ्य असले तरी ते मुंबईबाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यांनाच लागू पडते. चर्चगेटच्या शासकीय विधी महाविद्यालयाचा (स्थापना १८५५) विद्यार्थी सकाळचे तास आटोपून फोर्टमधील कार्यालयात जातो व संध्याकाळपर्यंत तेथेच असतो. ही रीत सुट्टीतल्या चार आठवड्यांपेक्षा जुन्या उमेदवारीला अधिक जवळची आहे. मुंबईपुरते बोलायचे तर तिसऱ्या मताकडे झुकावे लागते. सुट्टीतील इंटर्नशिप हा त्यावर पुढे बसवलेला मजला आहे.

नियम : भारतीय विधिज्ञ परिषदेच्या (बार कौन्सिल) २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ व पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवड्यांची इंटर्नशिप आवश्यक आहे. कोणत्याही वर्षी ती सलग चार आठवड्यांहून अधिक नसावी, असेही त्यांत म्हटले आहे. मोठ्या फर्म मागतात ती काही महिन्यांची ‘लाँग टर्म’ इंटर्नशिप या तरतुदीत कशी बसवायची, हा प्रश्न महाविद्यालये बहुधा विचारत नाहीत. लॉ फर्म हे नियमांत सांगितलेल्या अनेक ठिकाणांपैकी एक आहे. स्वयंसेवी संस्था, खालच्या व वरच्या न्यायालयांतील वकील, न्यायसंस्था, नियामक मंडळे, विधिमंडळ, कंपन्या, स्थानिक स्वराज्य संस्था हीही त्यांत येतात. इंटर्नशिप डायरीला व्यावहारिक प्रशिक्षणाच्या एका पेपरात गुण असतात. पोशाखाचाही नियम आहे : पांढरी किंवा काळी पँट, पांढरा शर्ट, काळा टाय, काळा कोट, काळे बूट. व्यवहार विभागात (न्यायालयाऐवजी कंपन्यांचे करार-व्यवहार पाहणारा विभाग) बसणाऱ्या इंटर्नला यातले फारसे लागत नाही.

पदवीनंतरच्या सक्तीच्या उमेदवारीचा इतिहास वेगळा आहे. ॲडव्होकेट्स अधिनियमातील प्रशिक्षणाची मूळ अट १९७३ च्या दुरुस्तीने गेली. परिषदेने १९९५ मध्ये नियम करून एक वर्षाचे प्रशिक्षण पुन्हा आणले, ते सर्वोच्च न्यायालयाने व्ही. सुधीर प्रकरणात (१९९९) रद्द ठरवले. तेव्हापासून शिकाऊ काळाचा सगळा भार विद्यार्थिदशेतील इंटर्नशिपवरच पडला आहे. फर्ममधील जागांसाठी चढाओढ वाढण्यामागे जितके लक्ष वाढलेल्या पगारांकडे दिले जाते, तितके या निकालाकडे दिले जात नाही.

अर्ज : वकिलाने जाहिरात करू नये, हा परिषदेचा जुना नियम (नियम ३६). २००८ मध्ये त्यात सवलत मिळून ठरावीक मजकुरापुरते संकेतस्थळ ठेवण्यास मुभा मिळाली. त्यापूर्वी कोणत्या पेढीत जागा आहे हे बाहेरून कळण्यास फारसा मार्ग नव्हता. आधी तेथे काम केलेला वरच्या वर्गातील विद्यार्थी, प्राध्यापक किंवा नात्यातला वकील यांच्याकडूनच ते कळे. आता मोठ्या फर्म संकेतस्थळावरील अर्जातून किंवा ठरलेल्या ईमेल पत्त्यावर अर्ज घेतात. मध्यम व लहान पेढ्यांत भागीदाराला थेट लिहिण्याची पद्धत टिकून आहे आणि ‘अमुक सरांनी पाठवलंय’ या वाक्याचे मोलही पुरते उतरलेले नाही.

अर्जात एक-दोन पानांचा सीव्ही, छोटे कव्हर लेटर, हवा असलेला महिना, अभ्यासक्रमाचे वर्ष व पसंतीचा विभाग येतो. विभाग साधारणतः जनरल कॉर्पोरेट, बँकिंग व फायनान्स, कॅपिटल मार्केट्स, रिअल इस्टेट, डिस्प्यूट रिझोल्यूशन (वादविभाग) असे असतात. निवड झाल्यावर महाविद्यालयाचे बोनाफाइड किंवा ना-हरकत पत्र मागतात. मोठ्या फर्ममध्ये काही महिने आधी अर्ज करावा लागतो, आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमातील तिसऱ्या वर्षाच्या पुढच्यांना प्राधान्य मिळते. मूट कोर्ट (विद्यार्थ्यांचे सराव न्यायालय), लेख, गुण यांची नोंद सर्वच अर्जांत असते. कव्हर लेटरमधील बरीच जागा फर्मच्या स्तुतीत जाते, पण वाचणाऱ्या भागीदाराला आपल्या फर्मची माहिती असतेच. कोणता विभाग का हवा आणि त्या दिशेने आजवर काय केले, या दोन ओळी अधिक उपयोगी पडतात.

महिन्याची निवड दिसते तितकी किरकोळ बाब नाही. बाहेरगावच्या विद्यापीठांना मे व डिसेंबरात सुट्टी असल्याने त्या महिन्यांत गर्दी होते. पण मे महिन्यात उच्च न्यायालयाला उन्हाळी सुट्टी असते व फक्त सुट्टीतील न्यायासने चालतात. न्यायालयीन काम पाहू इच्छिणाऱ्याला तेव्हा फारसे हाती लागत नाही. व्यवहार विभागांना अशी सुट्टी नसते. मुंबईचा विद्यार्थी सप्टेंबर किंवा फेब्रुवारीत अर्ज करू शकतो आणि ही त्याची मोठी जमेची बाजू आहे.

शेवटच्या दोन वर्षांतील इंटर्नशिप नोकरीच्या चाचणीसारखी असते. काम पसंत पडल्यास पदवीपूर्वीच नोकरीचा प्रस्ताव (पीपीओ) मिळतो. स्टायपेंड फर्मगणिक वेगळे असते. काही ठिकाणी ते मिळतच नाही. परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरी भागासाठी दरमहा २०,००० व ग्रामीण भागासाठी १५,००० रुपयांची शिफारस केली, ती कनिष्ठ वकिलांसाठी आहे. इंटर्नच्या संदर्भात ती कधीकधी उद्धृत होते ते बरोबर नाही.

ठिकाणे : जुन्या पेढ्या उच्च न्यायालयाच्या आसपास, फोर्ट व महात्मा गांधी मार्गाच्या परिसरात आहेत. व्यवहाराचे काम वाढले तशा मोठ्या फर्म लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी उठलेल्या कार्यालयांत गेल्या. अमरचंद मंगलदास फर्मची २०१५ मध्ये सिरिल व शार्दूल अशी वाटणी झाली, तेव्हा सिरिल अमरचंद मंगलदासचे मुख्य ठाणे लोअर परळलाच राहिले. दिवाळखोरी संहितेमुळे (२०१६) कफ परेड येथील राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाची फेरीही इंटर्नच्या वाट्याला येऊ लागली.

काम : व्यवहार विभागात ड्यू डिलिजन्स हे प्रमुख काम. कंपनीचे करार, इतिवृत्ते, परवाने डेटा रूममधून (व्यवहाराची कागदपत्रे एकत्र ठेवलेली जागा) वाचून त्यांतील बोजे, मुदती व संमतीच्या अटी तक्त्यात मांडायच्या. वादविभागात निवाडे शोधणे, तारखांची यादी करणे, कागदपत्रांची संकलने बांधणे व प्रोथोनोटरीच्या (ओरिजिनल साइडचा मुख्य निबंधक) कार्यालयाने काढलेल्या हरकती दूर करण्यास मदत करणे ही कामे असतात. हे शेवटचे काम कोणत्याही पुस्तकात नाही. ते पेढीतील मॅनेजिंग क्लार्ककडून शिकावे लागते.

रिअल इस्टेट विभाग येथे वेगळा उल्लेखावा लागतो, कारण फर्मचा कारभार इंग्रजीत चालत असला तरी या विभागाचा कच्चा माल मराठीत असतो. जमिनीचे टायटल (मालकी हक्क) तपासताना सातबारा, फेरफार नोंदी, मिळकत पत्रिका, सूची क्र. २ आणि नगर भूमापनाचे नकाशे वाचावे लागतात. दुय्यम निबंधकाच्या दप्तरातील शोध साधारणतः तीस वर्षांचा घेतात. जुनी कागदपत्रे मोडी लिपीतील निघाली तर लिप्यंतरकार शोधावा लागतो. कुळकायद्याची नोंद, ‘इतर अधिकार’ रकान्यातील बोजा किंवा वारसाच्या फेरफारातील गाळलेली बहीण भाषांतरातून सहज निसटते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा इंग्रजीत होते, राज्याची सीईटी मराठीतही देता येते. मराठीतून शिकून आलेला विद्यार्थी अर्जात ही बाब बहुधा लिहीत नाही. ‘भाषा’ या रकान्यात शेवटी एक शब्द टाकून मोकळा होतो. टायटलचे काम करणाऱ्या पेढीला मूट कोर्टच्या तिसऱ्या प्रमाणपत्रापेक्षा फेरफार वाचता येतो हे कळणे अधिक मोलाचे आहे.

कायदेशीर स्थान : इंटर्न हा वकील नसतो, त्यामुळे तो न्यायालयात बाजू मांडू शकत नाही. फर्म त्याच्याकडून गोपनीयतेचे हमीपत्र घेते. सूचिबद्ध कंपनीच्या व्यवहारातील अप्रकाशित, किमतीवर परिणाम करणारी माहिती हाती आल्यास सेबीच्या २०१५ च्या विनियमांखाली तोही ‘इनसायडर’ ठरतो. त्या शेअरमध्ये त्याने व्यवहार करणे किंवा घरी जेवताना ती माहिती बोलून दाखवणे दोन्ही निषिद्ध आहे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या अधिनियमातील कर्मचारी या संज्ञेत प्रशिक्षणार्थीही येतात, मग त्यांना कोणत्याही नावाने संबोधलेले असो.

परदेशी फर्म : १९९० च्या दशकात रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने आलेल्या काही परदेशी फर्मच्या संपर्क कार्यालयांना मुंबई उच्च न्यायालयाने लॉयर्स कलेक्टिव्ह प्रकरणात (२००९) प्रतिकूल निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ए. के. बालाजी प्रकरणात ‘येऊन-जाऊन’ सल्ला देण्यापुरती मोकळीक ठेवली. परिषदेने २०२३ मध्ये नोंदणीचे नियम अधिसूचित केले व २०२५ मध्ये त्यांत दुरुस्ती केली. लंडनच्या काही फर्म भारतीय विद्यार्थ्यांना सुट्टीतील योजनेसाठी निवडतात, पण ती उमेदवारी लंडनमध्ये होते आणि तिचे अर्ज तेथील वेळापत्रकाने चालतात.