पानं मोजायची की स्वयंपाक? कॉलेज लीगमधल्या दोन शिष्यवृत्त्या

कॉलेज बास्केटबॉलचं ऑनलाइन सिम्युलेशन (यात तुम्ही एखाद्या संघाचे प्रशिक्षक होऊन खेळाडू जमवता) खेळणाऱ्यांत एक तक्रार दर हंगामाला ठरलेली. वरच्या विभागातले संघ चांगली पोरं पळवतात, खालच्यांनी करायचं काय? मग कुणीतरी सुचवतं, खालच्या विभागाच्या शिष्यवृत्त्या वाढवा, वरच्यांच्या कमी करा. इथेच गल्लत होते. अमेरिकेत कॉलेजच्या खेळांची संघटना एनसीएए हिने १९७३ साली तीन विभाग (डिव्हिजन वन, टू, थ्री) पाडले, पण या विभागांत फरक फक्त शिष्यवृत्त्यांच्या आकड्याचा नाही. शिष्यवृत्ती मोजायची कशी, याच्याच २०२५ पर्यंत दोन पद्धती होत्या: हेडकाउंट आणि इक्विव्हॅलन्सी.

हेडकाउंट म्हणजे पंगतीतली पानं मोजणं. डिव्हिजन वनच्या पुरुष बास्केटबॉल संघाला अनेक वर्षं १३ पानं होती. एखाद्याला नुसता वरणभात वाढला तरी त्याचं एक पान धरलंच जायचं. त्यामुळे अर्धी शिष्यवृत्ती देण्यात प्रशिक्षकाला काहीच मिळत नसे. द्यायची तर पूर्ण, नाहीतर नाही. चौदावा खेळाडू हवाच असेल, तर तो वॉक-ऑन म्हणून येणार, म्हणजे खेळाची शिष्यवृत्ती न घेता.

इक्विव्हॅलन्सीत पानं मोजत नाहीत, स्वयंपाक मोजतात. डिव्हिजन टूच्या पुरुष बास्केटबॉलला १० पूर्ण शिष्यवृत्त्यांइतका स्वयंपाक आहे. तो आठ जणांना पोटभर वाढून उरलेला चौघांत वाटा, नाहीतर पंधरा जणांना थोडा थोडा द्या. हिशोब सोपा आहे: वर्षाचा पूर्ण खर्च ४०,००० डॉलर असेल आणि मुलाला १०,००० दिले, तर खात्यातून ०.२५ गेले. डिव्हिजन वनमध्येही बरेच खेळ याच पद्धतीवर होते. बेसबॉलला अनेक वर्षं ११.७ शिष्यवृत्त्या, आणि त्या वाटायच्या जास्तीत जास्त २७ जणांत. सरासरी काढली तर एकाच्या वाट्याला अर्धीसुद्धा येत नसे.

दोन्हींतला फरक सगळ्यात स्वच्छ दिसायचा तो टेनिसमध्ये. डिव्हिजन वनच्या एकाच विद्यापीठात मुलींचं टेनिस हेडकाउंटवर होतं, ८ पानं. मुलांचं इक्विव्हॅलन्सीवर, ४.५. म्हणून एकाच घरातल्या बहिणीला पूर्ण शिष्यवृत्ती आणि तितक्याच चांगल्या भावाला तुकडा, असं होऊ शकायचं. तिकडे टेनिस खेळणारी मुलं असलेल्या मराठी घरांनाही हा फरक उशिरा कळला, तर फार महागात पडायचा.

आता सिम्युलेशनकडे. मित्रांसाठी चालवत असलेल्या छोट्या लीगमध्ये पहिल्या हंगामात मी डिव्हिजन टूला सरळ १० पानं दिली. म्हटलं, १३ च्या जागी १०, खरा आकडा तर आहे. चूक तिथेच झाली. दुसरा विभाग म्हणजे पहिल्याचीच छोटी प्रत झाला. दोघांचीही ऑफर पूर्णच, मग मुलगा मोठ्या नावाकडे जाणार हे उघड आहे.

पुढच्या हंगामात डिव्हिजन टूला १० चा स्वयंपाक दिला आणि खेळच बदलला. समजा, एक मधल्या दर्जाचा पॉइंट गार्ड (संघाची चढाई चालवणारा खेळाडू) आहे. डिव्हिजन टूचा प्रशिक्षक आधी ०.४ देतो, मुलगा अडून बसला की ०.७ वर जातो. वरच्या प्रशिक्षकाकडे एकच पान उरलंय. ते या मुलावर घालवलं, तर महिन्याभराने एखादा उंच सेंटर मोकळा सापडला तरी त्याला द्यायला काही नाही. तो थांबतो. डिव्हिजन वनवर एकही नवं बंधन न घालता तो स्वतःहून थांबतो! मला समतोल म्हणून हवं होतं ते हेच.

तिसऱ्या विभागात खेळाची शिष्यवृत्ती नाहीच. प्रत्यक्षात तिथल्या मुलांना अभ्यासावर आणि घरच्या गरजेवर मदत मिळते. सिम्युलेशनमध्ये शिष्यवृत्ती शून्य ठेवा, पण प्रशिक्षकाचे हात बांधू नका. घरी भेटी, मैदानावर किती मिनिटं मिळतील याचं वचन, अभ्यासाची मदत, हे सगळं त्याच्याकडे भरपूर हवं. भेटींचा पैसा वेगळ्या खात्यातला, तो शिष्यवृत्तीत मिसळू नका. या विभागाची मला जास्त काळजी वाटते, कारण व्हॉटइफस्पोर्ट्सच्या हूप्स डायनॅस्टीसारख्या खेळात नवा प्रशिक्षक तिथूनच सुरुवात करतो. तिथे कंटाळला तर तो वर पोचतच नाही. (हार्वर्ड-येलसारख्या विद्यापीठांची आयव्ही लीग डिव्हिजन वनमध्ये असूनही खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाही, म्हणजे विभाग पाहून सगळं कळतं असंही नाही.)

लीग आखताना वर्ष मात्र आधी ठरवा. ६ जून २०२५ रोजी खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या हाउस खटल्यातली तडजोड न्यायालयाने मंजूर केली आणि ती स्वीकारणाऱ्या डिव्हिजन वन विद्यापीठांत शिष्यवृत्तीची मर्यादा गेली. तिच्या जागी संघातल्या खेळाडूंच्या संख्येची मर्यादा आली: पुरुष बास्केटबॉलला १५, बेसबॉलला ३४, अमेरिकन फुटबॉलला १०५. पानांची सक्ती गेली, आता तिथेही वाटून देता येतं. हे नियम लावले, तर माझ्या उदाहरणातला वरचा प्रशिक्षक थांबणार नाही, तो त्या गार्डला अर्धी शिष्यवृत्ती देऊन मोकळा होईल. म्हणून आमची लीग मी २०२३-२४ च्या नियमांवरच ठेवली आहे.