ख्रिस्ती उन्हाळी शिबिर

शाळेच्या उन्हाळी सुटीत मुलांना साधारण आठवडाभर घरापासून दूर, बहुधा सरोवराकाठी किंवा रानात, मुक्कामाला नेऊन खेळ, सहजीवन आणि बायबलचे शिक्षण यांची सांगड घालणारा उपक्रम. चर्च, पंथीय मंडळे किंवा आंतरपंथीय संस्था तो चालवतात. त्याचा सर्वाधिक प्रसार अमेरिकेत झाला. रोज घरून ये-जा करून भरणारी सुटीतील बायबलशाळा यात धरत नाहीत.

पहिले शिबिर कोणते, हा प्रश्न वादाचा आहे. संघटित शिबिरांचा आरंभ सामान्यतः फ्रेडरिक गन यांच्यापासून मानतात. १८६१ मध्ये कनेक्टिकटमधील आपल्या शाळेतील मुलांना त्यांनी समुद्रकाठी मुक्कामाला नेले. मात्र तो शाळेचाच भाग होता, धर्मशिक्षण हा त्याचा हेतू नव्हता. चर्चच्या शिबिरांचा मान बहुतेक इतिहासकार रेव्हरंड जॉर्ज हिंकली यांना देतात. १८८० मध्ये आपल्या मंडळीतील काही मुले घेऊन ते रोड आयलंडमधील गार्डनर्स बेटावर राहिले. मुलांना चर्चच्या बाकांबाहेर ओळखावे, असा त्यांचा उद्देश सांगितला जातो. पुढच्याच वर्षी अर्नेस्ट बाल्च यांनी न्यू हॅम्पशरमधील स्क्वॉम सरोवरातील बेटावर ‘कॅम्प चोकोरुआ’ काढला. तेथे झाडांखाली उपासनास्थळ होते, म्हणून काहीजण त्यालाही ख्रिस्ती शिबिरांत गणतात. पण तेथे भर होता तो श्रीमंतांच्या मुलांना स्वतःची कामे स्वतः करायला लावण्यावर. हे शिबिर १८८९ पर्यंतच चालले. हिंकलींचा उपक्रमही लहानसाच होता. टिकाऊपणा हा निकष लावला, तर वायएमसीए या तरुणांसाठीच्या ख्रिस्ती संघटनेच्या समनर डडली यांचे नाव पुढे येते. १८८५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ऑरेंज सरोवराकाठी त्यांनी सात मुलांसह तंबू ठोकले. मुले डोकी भादरून आल्यामुळे त्या शिबिराला ‘टकल्यांचे शिबिर’ असे गमतीचे नाव पडले. शँप्लेन सरोवराकाठी स्थिरावलेले हे शिबिर डडली यांच्याच नावाने आजही भरते.

या शिबिरांच्या आशयाची मुळे आणखी मागे, अमेरिकेच्या तेव्हाच्या वसाहत-सरहद्दीवर श्रद्धा नव्याने जागवण्यासाठी भरणाऱ्या पुनरुज्जीवन मेळाव्यांत शोधली जातात. केंटकीतील केन रिज येथे ऑगस्ट १८०१ मध्ये हजारो लोक गाड्या-तंबूंसह जमले व दिवसेंदिवस प्रवचने ऐकत राहिले. ते मेळावे प्रौढांचे होते, त्यामुळे थेट वंशावळ जोडणे धाडसाचे ठरेल. तरीही रोजचा दिनक्रम मोडून माणूस रानात आला की त्याचे मन वळते, ही धारणा दोन्हींत सारखीच आहे. आजच्या शिबिराचा शारीरिक साचा वायएमसीएचा आणि भावनिक साचा या मेळाव्यांचा, असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते.

ब्रिटनमधील धारा वेगळी. जोसाया स्पायर्स यांनी १८६८ मध्ये वेल्समधील लँडडनो येथे समुद्रकिनाऱ्यावर मुलांसाठी उपासना घेतल्या. मुक्कामी शिबिरे नंतरची. १९३० च्या दशकापासून ई. जे. एच. नॅश यांनी खास निवासी शाळांतील मुलग्यांसाठी चालवलेल्या शिबिरांतून जॉन स्टॉट यांच्यासारखे धर्मोपदेशक पुढे आले.

मुले कॅबिनमध्ये राहतात आणि प्रत्येक कॅबिनवर मुलांची देखरेख करणारा एक काउन्सेलर असतो. तो बहुधा महाविद्यालयीन वयाचा, कालपरवापर्यंत स्वतःच शिबिरार्थी असलेला. सकाळी शांतवेळ (एकट्याने प्रार्थना व बायबलवाचन) व पाठांतराचे वचन, दुपारी पोहणे, रात्री गाणी आणि प्रवचन. पाण्यात जोडीची पद्धत कडकपणे पाळतात: शिट्टी वाजताच प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचा हात धरून वर करायचा, आणि गणती जुळेपर्यंत कोणी हलायचे नाही. प्रवचनांची चढण आठवड्याच्या मापाने बेतलेली असते. क्रूसाचा विषय बहुधा उत्तरार्धात येतो आणि त्याच रात्री निर्णयाचे, म्हणजे ख्रिस्ताचा स्वीकार करण्याचे, आवाहन केले जाते. अनेक ठिकाणी अखेरच्या रात्री प्रत्येक मूल शेकोटीत एक काटकी टाकते आणि आपला संकल्प बोलून दाखवते.

या आवाहनावरच टीकेचा रोख आहे. दमलेल्या, घरच्या आठवणीने हळव्या झालेल्या दहा वर्षांच्या मुलाचा निर्णय कितपत त्याचा स्वतःचा, असा आक्षेप ख्रिस्ती शिक्षकांनीही घेतला आहे. सुरक्षेचा प्रश्न अधिक गंभीर. नॅश यांच्या शिबिरांच्या वर्तुळातील एका वकिलाने मुलग्यांचा व तरुणांचा अमानुष छळ केल्याविषयीचा मॅकिन अहवाल नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच इंग्लंडच्या चर्चचे तेव्हाचे प्रमुख धर्मगुरू, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी पद सोडण्याचे जाहीर केले. कार्यकर्त्यांची पूर्वतपासणी करणे आणि मुलासोबत एकट्या प्रौढाला न राहू देणे, हे नियम आता बऱ्याच शिबिरांत लागू आहेत.