गाइडबुकात दुकान कुणाचं? एका जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

देऊळ, किल्ला किंवा पूल गाइडबुकात घ्यायचा की नाही, यावर फारशी वादावादी होत नाही. दुकान आलं की होते. पुस्तकातल्या एका ओळीनं देवळाच्या भिंतीत काही फरक पडत नाही, पण दुकानाच्या गल्ल्यात पडतो. शिवाय शेजारच्या ज्या दुकानाचं नाव छापलं नाही, त्याच्या गल्ल्यातही पडतो.

फार जुन्या प्रवासवर्णनांत हा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या शतकात पॉसेनियस या ग्रीक प्रवाशानं ग्रीसचं वर्णन दहा भागांत लिहिलं. त्यात मंदिरं, पुतळे, थडगी, त्यांच्या दंतकथा असं सगळं आहे. खरेदी कुठे करावी याची पंचाईत त्यानं केली नाही. बाराव्या शतकात रोमला जाणाऱ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तिकेचाही तोच थाट.

दुकानं आली ती पत्त्यांच्या पुस्तकांतून. १६९२ मध्ये पॅरिसमध्ये निकोला द ब्लेग्नी या वैद्यकी करणाऱ्या गृहस्थानं टोपणनावानं एक पुस्तक काढलं. कुठला कारागीर कुठल्या रस्त्यावर बसतो, कुठली वस्तू कुणाकडे मिळते, हे नवख्या माणसालाही कळावं असं. कामाची चीज होती. पण वाचता वाचता एका औषधविक्रेत्याचं नाव वरचेवर डोकावतं आणि तो निघतो ब्लेग्नीचाच मुलगा! यादी करणाऱ्याचं घर यादीत शिरण्याची खोड इतकी जुनी आहे. आजच्या संपादकांना त्याचं नवल वाटायचं कारण नाही.

खरा वाद एकोणिसाव्या शतकात रंगला. लंडनच्या जॉन मरेनं १८३६ मध्ये युरोपखंडासाठी आपलं पहिलं हँडबुक काढलं. कोब्लेंझच्या कार्ल बेडेकरनं त्याच सुमारास ऱ्हाईन नदीकाठचं एक जुनं पुस्तक हाती घेऊन सुधारलं आणि पुढे घराण्याचा धंदाच उभा केला. दोघांची पुस्तकं लाल बांधणीची, वाचकही थोडेफार तेच. पण मरेच्या पुस्तकाच्या शेवटी जाहिरातींची पानं शिवलेली असत. बेडेकरनं तो दरवाजा बंद ठेवला. त्याच्या इंग्रजी आवृत्त्यांच्या प्रस्तावनेत हॉटेलवाले आणि दुकानदार यांना उद्देशून स्पष्ट बजावलेलं असे की प्रवाशांशी सचोटीनं वागणं एवढीच शिफारशीची वाट आहे, जाहिरात कुठलीही घेतली जात नाही. त्यालाच जोडून आणखी एक इशारा असे: बेडेकरचे प्रतिनिधी म्हणवून येणाऱ्यांपासून सावध राहा. म्हणजे पुस्तकात नाव घालतो म्हणून पैसे मागणारे भामटे तेव्हाही हिंडत होते. मला तर हा इशारा त्या सगळ्या प्रस्तावनेतली सर्वांत बोलकी ओळ वाटते. नोंदीला बाजारात किंमत आल्याशिवाय तिचे खोटे दलाल जन्माला येत नाहीत.

बेडेकरच्या पुस्तकात दुकानं बसत कुठे, हेही पाहण्यासारखं आहे. शहराचं वर्णन सुरू होण्याआधी बारीक टायपात टपालकचेरी, बँका, स्नानगृहं यांच्या रांगेत. पुस्तकं, छायाचित्रं, हातमोजे असा धंदा लिहायचा आणि पुढे नावं नि रस्ते. कौतुकाचे शब्द जवळपास नाहीतच. इटलीच्या खंडांत तर भाड्याचा वाटाड्या सोबत असताना खरेदी करूच नका, तो मध्ये पडला की भाव चढतो, असा सल्ला होता. दुकानाची शिफारस माणसाच्या तोंडून आली की तिला दलाली चिकटते; छापील ओळ त्यावरचा उतारा.

मिशलॅनची गोष्ट उलटीकडून सुरू होते. १९०० सालचं पहिलं गाइड टायर कंपनीनं फुकट वाटलं, सुमारे ३५,००० प्रती. त्यात गॅरेजं आणि टायर मिळण्याची ठिकाणं होती, कारण गाड्या जितक्या फिरतील तितके टायर झिजणार. हेतू उघड आणि त्यामुळे एका अर्थी प्रामाणिकच. १९२० मध्ये कंपनीनं पुस्तकाला किंमत लावली आणि पैसे घेऊन छापायच्या जाहिराती बंद केल्या. पुढे ओळख न देता जाणारे, बिल स्वतः भरणारे निरीक्षक ही त्या गाइडची खूण ठरली.

पण माझ्या मते ‘कुठलं दुकान घ्यायचं’ याचं सर्वांत चोख उत्तर अमेरिकेतल्या व्हिक्टर ग्रीन या, न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत राहणाऱ्या पोस्टमननं दिलं. १९३६ पासून तीसेक वर्षं निघालेल्या त्याच्या ‘ग्रीन बुक’मध्ये हॉटेलांसोबत न्हाव्याची दुकानं, शिंपी, औषधांची दुकानं, पेट्रोलपंप होते. बहुतेक ठिकाणी नुसतं नाव आणि पत्ता. इतर कुठल्याही गाइडात न्हाव्याचं दुकान म्हणजे भरताड. इथे मात्र कसोटी वेगळीच होती: कृष्णवर्णीय प्रवाशाला आत घेतात का? ‘हो’ असेल तर नोंद, बाकी गुणगान गौण. माहिती वाचकांकडून आणि इतर पोस्टमनांकडून येई.

छापील काळात एक गोष्ट संपादकाच्या मदतीला होती, ती म्हणजे कागद. पानं मोजकीच, खिसाही तेवढाच. सगळे धंदे ज्यात सापडावेत अशी व्यापारी डिरेक्टरी वेगळी निघे. लंडनमध्ये पोस्ट ऑफिस डिरेक्टरी हेच काम करत होती. तिचा ठोकळा कुणी प्रवासात नेत नसे. इंटरनेटवर ही अडचण संपली आणि तिच्याबरोबर संपादकाचा बहाणाही. ‘जागा नाही हो’ आता कुणाला सांगणार?

२००३ मध्ये विकिट्रॅव्हल हे इंटरनेटवरचं गाइडबुक सुरू झालं. त्यातून फुटलेलं विकिव्हॉयेज २०१३ पासून विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाच्या छत्राखाली आहे. कुणीही लिहावं अशी सोय. दुकानाचा मालकही आपली नोंद टाकू शकतो, मात्र टिमकी वाजवायची नाही. पहिला मान प्रवाशाचा, आणि हे यलो पेजेस नव्हे, असं तिथल्या धोरणात लिहिलेलं आहे. यादी लांबली की साधारण पाच ते नऊ नोंदींवर थांबा, असाही ठोकताळा आहे. त्यामागे माणसाच्या तात्पुरत्या स्मरणात सातच्या आसपास गोष्टी मावतात हा जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाचा १९५६ मधला निबंध. कागदानं घातलेली मर्यादा गेली, तिच्या जागी वाचकाच्या डोक्याची आली.

प्रत्यक्षात कात्री कशी चालते? समजा नोंद आली: ‘कुशल कारागिरांच्या अप्रतिम वह्या, एकदा तरी भेट द्यायलाच हवी असं ठिकाण.’ यात ‘वह्या’ सोडून एकही शब्द उपयोगाचा नाही. चौकशीअंती उरतं ते असं: ‘हातानं शिवलेल्या वह्या, बांधणीचं काम मागच्या खोलीत पाहता येतं, दुपारी बंद.’ आता ही नोंद जागा मिळवते, कारण ही गोष्ट वाचकाला आपल्या गावच्या कोपऱ्यावर मिळत नाही. साध्या वह्या असत्या तर दुकान कितीही भलं असो, ओळ उडाली असती. मालकाला यात अपमान वाटतो, आणि तो समजण्यासारखा आहे.

बाजारपेठांच्या बाबतीत ही डोकेदुखी नाही. इस्तंबूलच्या झाकलेल्या बाजारात हजारो दुकानं आहेत. गाइडबुकं तो बाजार एक प्रेक्षणीय स्थळ म्हणून दाखवतात आणि आतल्या कुणा एकाचं नाव न घेताही सुटू शकतात. एकाकी दुकानालाच ही सवलत नाही.

आणि दुकानं मरतात. छापील गाइडच्या मुखपृष्ठावर साल असे, त्यामुळे जुन्या प्रतीत बंद दुकान सापडलं तर वाचक चडफडून का होईना माफ करी. ऑनलाइन पान मात्र रोज आजचंच दिसतं. म्हणून विकिव्हॉयेजवर नोंदीला शेवटची उजळणी कधी झाली ती तारीख जोडायची सोय ठेवली आहे. कित्येक नोंदींत ती रिकामीच असते. शटर कधीच खाली आलेलं दुकान त्या नऊ जागांतली एक अडवून बसतं, आणि समोर नव्यानं उघडलेल्याचा मालक आपली ओळ टाकायला येतो तेव्हा यादी भरलेली असते.