स्टिकरवरचा आय-सेव्हन आणि मे महिन्यातलं जळगाव

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये लॅपटॉप बदलायला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला: 'आय-फाइव्ह आहे की आय-सेव्हन?' ही इंटेल कंपनीच्या प्रोसेसरची, म्हणजे लॅपटॉपचं काम करणाऱ्या मुख्य चिपची नावं. या एका प्रश्नापायी लोकांचे पैसे वाया जातात, म्हणून तो आला कुठून ते सांगतो.

आधी लोक गिगाहर्ट्झ विचारायचे, म्हणजे चिप सेकंदाला किती अब्ज ठोके घेते ते. २००० साली आलेल्या इंटेलच्या पेंटियम ४ ची रचनाच अशी होती की ठोके भरपूर, पण एका ठोक्यात काम थोडं. जाहिरातीला मोठा आकडा मिळायचा. इंटेलची स्पर्धक असलेल्या एएमडीच्या अ‍ॅथलॉन चिपमध्ये एका ठोक्याचं काम जास्त, म्हणून आकडा लहान दिसू नये यासाठी २००१ मध्ये त्यांनी १.५३ गिगाहर्ट्झच्या चिपचं नावच '१८००+' ठेवलं. आकड्यांची ही चढाओढ थांबवली ती उष्णतेनं. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ इंटेलनं २००४ मध्ये रद्द केला. लॅपटॉपसाठी कमी ठोक्यांचा, थंड पेंटियम एम २००३ मध्येच आला होता. २००६ चा कोअर टू ड्युओ त्याच वाटेनं गेला.

२००८ पासून आय-सेव्हन आणि मागोमाग आय-फाइव्ह, आय-थ्री आले. गिगाहर्ट्झची जागा या नावांनी घेतली आणि खरी गफलत इथून सुरू झाली. २०१६ चा आय-सेव्हन ७५००यू घ्या: कोअर, म्हणजे चिपमधले काम करणारे स्वतंत्र भाग, दोनच. पुढच्याच वर्षीच्या आय-फाइव्ह ८२५०यू मध्ये चार. दोन्ही सारख्याच, १५ वॅट विजेच्या हिशोबानं बनवलेले. सगळे कोअर कामाला लागले की हा आय-फाइव्ह त्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ साठी मान्य असलेल्या चिपच्या यादीत ८२५०यू आहे, ७५००यू नाही. एएमडीकडेही तीच गत. त्यांचा रायझन ७५२०यू नावानं २०२३ चा वाटतो, पण आतली झेन २ रचना २०१९ ची. या ७००० मालिकेत रचना कळायला तिसरा अंक (इथे २) बघायचा असतो.

आता आपल्या खान्देशातली गोष्ट. चिप शंभर अंशांच्या आसपास पोचली की स्वतःला वाचवायला वेग कमी करते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ ला टेकतो, तेव्हा पंखा आत ओढतो ती हवाच तापलेली असते. त्यामुळे थंड खोलीत मिनिटभर घेतलेला बेंचमार्क, म्हणजे वेगाची चाचणी, इथे फसवा ठरतो. सिनेबेंच या वेग मोजणाऱ्या सॉफ्टवेअरच्या २०२० मधल्या आर२३ आवृत्तीत चाचणी दहा मिनिटं चालते, ती याच कारणासाठी. माझ्या मते आपल्याकडे तीच धरावी.

मागच्या उन्हाळ्यात भाच्यासाठी जुना ८२५०यू वाला लॅपटॉप बघायला गेलो. दुकानदार शेजारचा ७५००यू दाखवत होता, 'आय-सेव्हन आहे भाऊ' म्हणून दोन हजार जास्त मागत होता. आम्ही आय-फाइव्हवरच दहा मिनिटांची चाचणी लावली. दुपारचे दोन वाजले होते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ३.४ गिगाहर्ट्झवर असलेला वेगाचा आकडा उतरत उतरत १.८ वर स्थिरावला. मागचं झाकण उघडायला लावलं, तर पंख्याच्या जाळीवर धुळीचा चक्क नमदा बसलेला. जाळी साफ करून, चिपवरची उष्णता बाहेर काढणारी, वाळलेली पेस्ट बदलून पुन्हा तीच चाचणी लावली. या वेळी आकडा २.४ वर थांबला. तोच लॅपटॉप घेतला.